पडवीतला बास्केटबॉल : पावसाचे चार महिने आणि एक डावा हात

(या भागाचं शब्दांकन. बोलताना अडखळलेले शब्द थोडे नीट केलेत, बाकी जसंच्या तसं.)

मागे आवाज येतोय तो पावसाचा आहे, पत्र्यावरचा. आज रेकॉर्डिंग बिरवाडीतल्या घरूनच करतेय, आणि जुलैमध्ये इथे पाऊस थांबायची वाट बघत बसले तर हा भाग थेट गणपतीतच येईल. तेव्हा पावसासकट ऐका.

विषय आहे घरातल्या घरात बास्केटबॉलचा सराव. मुलीचा खेळ मी मागे एकदा बोलता बोलता सांगितला होता, त्यानंतर बऱ्याच आयांनी, दोन-तीन बाबांनीही विचारलं की घरात नक्की काय करून घेता. मी कोच नाही, हे आधीच सांगते. कॉलेजात असताना पुण्यात दोन वर्षं टीममध्ये होते, तेवढाच माझा अधिकार. पण गेल्या वर्षभरात ज्या चुका केल्या त्या सांगण्याइतपत अनुभव नक्की आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बिरवाडी म्हणजे महाडजवळ, एमआयडीसीला लागून, काळ नदीच्या काठचं गाव. रायगड म्हणजे कबड्डीचा जिल्हा. इथे पोरगी बास्केटबॉल खेळते म्हटल्यावर लोक विचारतात, "का? कबड्डीत घेतलं नाही का तिला?" मैदान आहे, त्यावर रिंगचा एक खांबही आहे. पण ती लाल माती. जून लागला की त्यावर बॉल आपटला तर टप्पा येत नाही, बॉल तिथेच बसतो, वर शिंतोडे आपल्या तोंडावर. छताखालचं कोर्ट आमच्या रोजच्या आवाक्यात नाही. आणि गंमत बघा, शालेय स्पर्धांचे दिवस येतात ते पाऊस सरता सरता. म्हणजे मुलं चार महिने घरात बसतात आणि उठून थेट मॅचला जातात.

तर दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. लेक तेव्हा सातवीत. मॅच सुरू झाली, पहिली दोन मिनिटं छान गेली. मग समोरच्या टीममधल्या एका चुणचुणीत मुलीच्या लक्षात आलं की ही फक्त उजवीकडेच जाते. बास. ती येऊन हिच्या उजव्या अंगाला उभी राहिली. बॉल गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. मी मोजत होते, पाच वेळा. हाफटाइमला तिला बसवलं. येताना एसटीत खिडकीकडे तोंड करून बसली होती. स्टॉपवर उतरल्यावर म्हणाली, "आई, मी कबड्डीच खेळते."

मला वाईट वाटलं ते बॉल गेल्याचं नाही. मला माझंच आठवलं. मीसुद्धा उजव्या हाताचीच होते. दोन वर्षं खेळले, तिसऱ्या वर्षी टीममधून नाव गेलं, आणि नक्की काय कमी आहे हे मला कुणी सांगितलं नाही, मलाही विचारायचं सुचलं नाही. आता लेकीच्या मॅचमध्ये लांबून बघितल्यावर ते दोन मिनिटांत दिसलं. तिला म्हटलं, कबड्डी खेळायची तर खुशाल खेळ, पण बॉल येत नाही म्हणून नको सोडूस. एक पावसाळा दे मला.

हो म्हणाली. आणि मग मी सगळा घोळ घातला.

गेल्या वर्षी जूनमध्ये मी एक वही केली. रकाने आखले. उजवा हात दोनशे, डावा हात दोनशे, पायांमधून आठचा आकडा शंभर, असं सगळं. रोज भरायचं. पहिला आठवडा उत्साहात गेला. दुसऱ्या आठवड्यात मी संध्याकाळी वही बघते तर सगळे रकाने भरलेले, अक्षर सुंदर. मी खूश. आणि मग एका रविवारी कोपऱ्यातला बॉल उचलला तर तो मऊ. हवाच नव्हती. म्हटलं कधीपासून? तर पंपाची पिन हरवून तीन दिवस झाले होते. वहीत मात्र तीन दिवस दोनशे, दोनशे, दोनशे.

मी ओरडले. नको तितकं ओरडले. त्यानंतर अकरा दिवस बॉल हलला नाही.

इथे आमच्या सासूबाई आल्या. म्हणजे त्या होत्याच, ओटीवर बसून सगळं बघत होत्या. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखतात, पण सागरगोटे खेळायला बसल्या की हात असा चालतो की बघत राहावं. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी, जमिनीवर गोटे पसरायचे, एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत खालचा उचलायचा आणि वरचा त्याच हातात झेलायचा. डोळे वर, बोटं खाली. बोटांना न बघता कळलं पाहिजे की गोटा कुठे आहे.

तर त्या नातीला म्हणाल्या, "बाय, तू एका हाताने तो चेंडू आपट, मी गोटा टाकते, दुसऱ्या हाताने झेल. बघू तुझी आई म्हणते तेवढी तू हुशार आहेस का."

पहिल्या दिवशी एकही झेलला नाही. बॉल पळायचा पडवीच्या टोकाला, गोटा पाटाखाली. दोघी हसून हसून बेजार. आणि मी स्वयंपाकघरातून बघत होते. बाहेरचे मोठमोठे खेळाडू ड्रिबल करता करता दुसऱ्या हाताने टेनिस बॉल झेलतात ना, तुम्ही व्हिडिओ पाहिले असतील, स्टीफन करीचे वगैरे, तोच सराव होता हा. सासूबाईंनी करीचं नाव आजतागायत ऐकलेलं नाही.

आता यात होतं काय ते सांगते, कारण माझ्या मते घरातल्या सरावाचं सगळं इथेच आहे. ड्रिबल करताना बॉल हातातून सुटून परत येईपर्यंत तो कुणाचाच नसतो. त्या वेळात नवीन खेळाडू काय करतो? खाली बघतो. खाली बघितलं की समोरचं दिसत नाही, मोकळी मैत्रीण दिसत नाही, अंगावर येणारी दिसत नाही. "वर बघ, वर बघ" असं ओरडून मान वर होत नाही. मान वर करायला वर काहीतरी बघण्यासारखं लागतं. गोटा वर असला की मान आपोआप वर जाते, आणि मग हाताला बॉल स्वतःच शोधावा लागतो.

मग सासूबाईंनी त्यात पाढे घातले. चौथी शिकलेल्या, पण तीसपर्यंत पाढे तोंडपाठ, पावकी-दिडकीसुद्धा. ही डाव्या हाताने बॉल आपटतेय आणि त्या विचारतायत, "तेरा सत्ते?" हिचा बॉल सुटतो. "एक्याण्णव!" "चेंडू कुठाय?" असं. महिन्याभराने बॉल सुटायचा बंद झाला. पाढे अजून चुकतात, ते जाऊ दे.

वही मी बंद केली. आता मोजणं आहे ते एवढंच, की आजीचे किती गोटे सलग झेलले. परवा चौदा झाले.

बरं, आता कामाचं बोलू. बॉल कुठला घ्यायचा? मुलींसाठी ६ नंबर, मुलगे मोठे असतील तर ७ नंबर, आणि अगदी लहानांना, बारा वर्षांच्या आतल्यांना, ५ नंबर. ७ नंबरचा घेर साधारण ७५ ते ७८ सेंटीमीटर, ६ नंबरचा ७२ ते ७४. फरक ऐकायला किरकोळ वाटतो, तेरा वर्षांच्या तळव्याला विचारा. दादाचा आहे म्हणून सातचा बॉल सहाच्या हातात देऊ नका, तळव्याने थापटायची सवय लागते. बॉल ढकलायचा बोटांच्या पेरांनी, तळव्याच्या मध्यभागी हवा खेळली पाहिजे. आणि अंगणात, कोब्यावर खेळायचं असेल तर साधा रबरी बॉल बरा, महागडा सिंथेटिक तिथे घासून जातो. हवेची एक जुनी कसोटी नियमपुस्तकात होती : १.८ मीटरवरून सोडलेला बॉल उसळून १.२ ते १.४ मीटरपर्यंत यावा. घरच्या भाषेत, उंच माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवरून सोडला तर कमरेच्या बराच वर आला पाहिजे. आणि पंपाची पिन देव्हाऱ्याच्या खणात ठेवा. तिथून हरवत नाही.

जागा. आमची पडवी साडेपाच फूट रुंद, समोरून झडीसाठी प्लास्टिक बांधलेलं. सारवलेल्या जमिनीवर टप्पा नीट येत नाही, कोबा उत्तम, शहाबादीही चालते. चकचकीत टाइल्सवर पावसाळ्यात नकोच. ओल येते, पाय सटकतो. आमच्याकडे एकदा सटकला, ढोपर फुटलं, तेव्हापासून खेळायच्या आधी कोरड्या फडक्याने पुसणं हे लेकीचं काम. बूट घालूनच. सासूबाईंना पडवीत बूट चालत नाहीत, म्हणून एक जोड फक्त घरातला ठेवलाय, बाहेरची माती त्याला लागलेली नाही. घराघरातले तह असे असतात. नखं कापलेली हवीत, हे वेगळं सांगायला नको.

अरुंद जागेचा तोटा वाटतो, पण फायदाही आहे. एका बाजूला भिंत, एका बाजूला प्लास्टिक, बॉल अंगापासून लांब गेला की कशाला तरी लागतो. म्हणून तो जवळ ठेवावाच लागतो. गुडघे वाकवून, कंबर खाली, जशा कबड्डीतल्या पोरी चढाई करणारीला धरायला उभ्या राहतात तसं. आमच्याकडच्या पोरींना हे उभं राहणं शिकवावं लागत नाही, ते इथल्या पाण्यातच आहे. मग बॉल घोट्याएवढा, नंतर गुडघ्याएवढा, नंतर खांद्याएवढा जोरात. खांद्याएवढा आपटताना हाताला ताकद लागते, घोट्याएवढा आपटताना वेग. रिकामा हात पुढे आडवा, बॉलला आडोसा म्हणून. मग समोरून या हातातून त्या हातात, मग पायांमधून, सगळ्यात शेवटी पाठीमागून. पाठीमागचं दिसायला भारी म्हणून पोरांना आधी तेच हवं असतं. असू दे, पाच मिनिटं करू द्या, हौस आहे.

आणि डाव्याला उजव्याच्या दुप्पट वेळ. जेवण सोडून जमेल ती कामं डाव्या हाताने : दार उघडणं, बादली उचलणं, दात घासणं. दात घासायचे पहिले चार दिवस आरशावर पेस्ट होती.

आता आवाजाचा प्रश्न. हा खरा प्रश्न आहे. माझा नवरा एमआयडीसीत शिफ्टला. ज्या आठवड्यात रात्रपाळी, त्या आठवड्यात तो दिवसा झोपलेला, आणि पडवीच्या भिंतीपलीकडेच त्याची खाट. मग त्या आठवड्यात बॉल आपटायचा नाही. सुरुवातीला मला वाटायचं आठवडा फुकट गेला. आता उलट वाटतं. आपटण्याशिवाय करायचं खूप आहे. बॉल डोक्याभोवती, कमरेभोवती, गुडघ्यांभोवती फिरवायचा, एकदा या दिशेने, एकदा उलट. पायांमधून आठचा आकडा, बॉल जमिनीला न लावता. हात डोक्यावर सरळ करून नुसत्या बोटांच्या टोकांवर इकडून तिकडे. दोन पायांच्या मध्ये एक हात पुढून, एक मागून असा बॉल धरायचा, सोडायचा, आणि खाली पडायच्या आत हातांची अदलाबदल करून पुन्हा धरायचा. हा शेवटचा प्रकार करून बघा. मी केला, बॉल पायाच्या अंगठ्यावर.

आणि आपटायचंच असेल तर खाली तांदळाचं रिकामं पोतं चौघडी घालून टाका. आवाज निम्म्याहून कमी. शिवाय पोत्यावर बॉल उसळत नाही, वर आणायला मनगट दुप्पट मारावं लागतं. आठवडाभर पोत्यावर खेळून कोब्यावर आली की तिला वाटतं बॉल आपणहून हातात येतोय.

आमच्याकडे दुसरा एक बॉल आहे, त्याची गोष्ट सांगते. माझा कॉलेजचा रबरी बॉल महाडात नणंदेकडे माळ्याखालच्या खोलीत पडून होता. जुलै २०२१ चा पूर आला, २२ तारखेचा, महाडकरांना सांगायला नको. खालचं सगळं गेलं. पाणी ओसरल्यावर चिखल काढताना तो बॉल निघाला. हवा तशीच. फक्त त्याचे दाणे आधीच झिजलेले होते, आता तर तो गुळगुळीत झालाय, हातात ठरत नाही. टाकून देणार होते. पण कोच लोक मुद्दाम बॉलला प्लास्टिकची पिशवी घालून निसटता करतात, तसला सराव या बॉलने फुकटात होतो. आणि दोन बॉल असले की दोन हातांनी एकदम आपटता येतात. तेव्हा डाव्याला उजव्याच्या मागे लपता येत नाही.

हे सगळं घरी करण्याची कल्पना माझी नाही, कुणाचीच नवी नाही. अमेरिकेत पीट मॅराविच म्हणून खेळाडू होऊन गेला. वडील कोच. त्यांनी पोराला लहानपणी असले हातचलाखीचे चाळीसेक प्रकार लावून दिले, आणि तो ते घरात, रस्त्यात, सिनेमाच्या थिएटरात खुर्चीत बसून, अगदी वडील गाडी चालवत असताना खिडकीतून हात बाहेर काढून करायचा. पुढे कॉलेजात ८३ मॅचमध्ये ३,६६७ पॉइंट, सरासरी ४४.२. तेव्हा तीन पॉइंटची रेषाही नव्हती. या घरच्या सरावाला नावच पडलं, बास्केटबॉलचा गृहपाठ. गंमत म्हणजे १८९१ मध्ये नायस्मिथ यांनी जे तेरा नियम लिहिले त्यात ड्रिबल नव्हतंच. बॉल पकडला की तिथूनच टाकायचा, पळायचं नाही. ड्रिबल नंतर खेळाडूंनी वाट काढता काढता आणलं.

पण मॅराविचचं उदाहरण देताना मला जरा भीती वाटते. ते ऐकून एखादा बाप पोराला चार-चार तास लावेल. आमच्याकडे वीस मिनिटं असतात. कधी पंचवीस. आणि वीस मिनिटांत काय येत नाही तेही सांगायला हवं. शूटिंग येत नाही. रिंग ३.०५ मीटरवर, आमच्या पडवीचा पत्रा त्याच्या खाली. पळणं येत नाही. आणि अंगावर येणारी मुलगी घरात मिळत नाही, ही सगळ्यात मोठी उणीव. मुंबईत नागपाड्यातून अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले, १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. त्या वस्तीत कोर्ट दारात आणि खेळणारी माणसंही दारात. पुण्याच्या शिरीन लिमये भारताच्या महिला संघाच्या कर्णधार झाल्या, त्यांच्या घरात आईच राष्ट्रीय पातळीवर खेळलेली. आमच्याकडे कोर्टही नाही आणि आई ही अशी. मी समोर उभी राहून हात मारते, पण मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, लेक मला आता चुकवते आणि वर हसते.

मग गेल्या वर्षीची मॅच. पाऊस नुकता उघडला होता, कोर्टाच्या कडेला शेवाळ होतं. तीच टीम नव्हती, पण तसलीच एक मुलगी निघाली. तिसऱ्या मिनिटाला येऊन उजव्या अंगाला उभी राहिली. मी शेजारच्या बाईंचा हात धरला, त्या कोण होत्या मला माहीतही नाही. लेकीने बॉल डाव्या हातात घेतला. फार काही झालं नाही. डावीकडून तीन टप्पे गेली, मान वर होती, कोपऱ्यात मैत्रीण मोकळी दिसली, पास दिला. त्या मैत्रिणीचा नेम चुकला. आम्ही अकरा पॉइंटनी हरलो. बॉल त्या दिवशी दोनदा गेला, पाच वेळा नाही.

एसटीत यंदा खिडकीकडे तोंड नव्हतं. माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, मी डावीकडे गेले तेव्हा तिचं तोंड बघितलंस का?" मी बघितलं नव्हतं. मी हाताकडे बघत होते. घरी आल्यावर तिने आजीला सांगितलं, आजीने विचारलं, "पास दिलास ती पोर कुणाची? तिला आण इकडे."

तर आता पडवीत दोघी असतात. ती मैत्रीण शेजारच्या वाडीतली, छत्री घेऊन येते. साडेपाच फुटांत दोन पोरी आणि एक आजी. अंगावर येणारी मुलगी मिळाली, ती अशी. रिंगचा प्रश्न अजून तसाच आहे. नवरा म्हणतो पत्र्याच्या वाशाला एक जुनं सूप उलटं टांगू, सासूबाई म्हणतात माझ्या सुपाला हात लावलास तर बघ.

[मागे बॉलचा आवाज.]

ऐकलंत? पाच वाजले. या आठवड्यात पहिली पाळी आहे, म्हणून पोतं नाही. कुणाकडे लहान जागेत दुसरं काही करून घेत असतील तर मला आवाजी निरोप पाठवा, विशेषतः रिंगचं कुणी काही जुळवलं असेल तर. पुढच्या भागात...

[आतून : "सतरा नव्वे?"]

...पुढच्या भागात भेटू. मला आत बोलावतायत, उत्तर दोघींनाही येत नाहीये.